जर्मनच्या पातेल्याखालची वेळ

बाबा,

तुमच्या टाइम ऑफिसातलं घड्याळ पाच मिनिटं मागे असायचं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता सांगून कुणाचं काही बिघडणार नाही. फॅक्टरी बंद पडली, तिथे उंच इमारती उभ्या राहिल्या, कार्डं पंच करायची ती यंत्रं भंगारात गेली असतील. तुम्हाला जाऊनही इतकी वर्षं झाली की नव्या ओळखीची माणसं मला तुमच्याबद्दल विचारतदेखील नाहीत. तरी मी ते स्वतःपाशी ठेवलं. गेले काही आठवडे मात्र ते घड्याळ पुन्हा पुन्हा आठवतं आहे, कारण माझ्यासमोर दुसरं एक चुकलेलं घड्याळ आलं, आणि ते चुकलेलं होतं असं मी कागदावर लिहिलं तर एका बाईची नोकरी जाणार होती. नाही लिहिलं, तर दुसऱ्या एका बाईला तिच्या वडिलांचं नेमकं काय झालं ते कधीच कळणार नव्हतं. तुम्ही असतात तर याबद्दल तुम्हाला विचारायला मला आवडलं नसतं. तरी विचारलं असतं.

मी काय काम करते ते तुम्हाला माहीत नाही. मी अकरावीत असताना तुम्ही गेलात. मी संगणकांची घड्याळं बरोबर ठेवते. ऐकायला हे काम वाटत नाही. आईलाही वाटत नाही. बिबवेवाडीतल्या शेजारणींना ती ‘कंप्यूटरमध्ये आहे’ एवढंच सांगते. प्रत्येक संगणकात क्वार्ट्झचा एक स्फटिक असतो. दहावीच्या प्रकल्पासाठी तुम्ही मला बुधवार पेठेत नेऊन तसाच एक घेऊन दिला होता. चिंचोक्याएवढी पत्र्याची डबी आणि तिला दोन पाय. दुकानदाराने तुम्हाला विचारलं, “मुलीला कशाला हो हे?” तुम्ही म्हणालात, “मुलीलाच हवंय. मला नकोय.” आणि पिशवी माझ्या हातात दिलीत. तर तो स्फटिक ठरावीक वेगाने थरथरतो आणि संगणक ती थरथर मोजून वेळ काढतो. पण उकाडा वाढला, स्फटिक जुना झाला, की वेग किंचित बदलतो. दिवसाला एखादा सेकंद, दीड सेकंद. एका दिवसात काहीच नाही; काही महिन्यांत बरंच. म्हणून त्याला सतत कुणीतरी खरी वेळ सांगत राहावं लागतं. ती आम्ही उपग्रहांकडून घेतो, फोनवर लोकांना रस्ता दाखवतात त्याच उपग्रहांकडून. त्यांच्यावर अणुघड्याळं असतात, आणि ते खाली जे पाठवतात ती मुळात वेळच असते. रस्ता त्यावरून काढलेला असतो. गच्चीवर एक अँटेना, खालच्या खोलीत एक खोका, आणि इमारतीतले सगळे संगणक त्या खोक्याला विचारून आपापलं घड्याळ लावतात. तुम्ही सकाळी रेडिओवर बातम्यांच्या आधीचे ठोके ऐकून मनगटावरचं घड्याळ लावायचात. तेच हे, फक्त न थांबता.

शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये असा खोका आमच्या छोट्या कंपनीने बसवलेला आहे. माझ्याकडे त्याची देखभाल अलीकडेच आली. तिथे एका वॉर्डात एक निवृत्त शिक्षक होते, ऑपरेशन नीट झालेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुमारास त्यांचा ऑक्सिजन एकदम खाली गेला, उशाजवळचा मॉनिटर वाजला, आणि वॉर्डातल्या सिस्टरने डॉक्टरांना फोन केला. ते वाचले. पण तेव्हापासून मुलीला ओळखत नाहीत. मुलीने तक्रार केली. तिचा प्रश्न एकच होता, मॉनिटर वाजल्यावर किती वेळ माझ्या वडिलांकडे कुणी बघितलं नाही? हॉस्पिटलने समिती नेमली. समितीने मॉनिटरमध्ये नोंदलेली वेळ आणि डॉक्टरांच्या मोबाइलवरची फोन आल्याची वेळ शेजारी शेजारी ठेवली. मध्ये एक मिनिट होतं. एक मिनिट म्हणजे सिस्टरने काहीच चुकवलं नाही. प्रकरण मिटतच आलं होतं. फक्त समितीतल्या एका वयस्कर डॉक्टरांनी म्हटलं, घड्याळं बरोबर होती असं कंपनीकडून एका ओळीत लिहून घ्या, फाइल पूर्ण होईल. ती एक ओळ लिहायला मी गेले होते.

खोक्यावरचा दिवा हिरवा असायला हवा, तो पिवळा होता. पिवळा म्हणजे उपग्रह दिसत नाहीत. मी गच्चीवर गेले. अँटेना कुत्र्याच्या छत्रीसारखी दिसते, पांढरी, पाइपाच्या टोकावर. ती दिसेना. पाइपावर जर्मनचं एक पातेलं पालथं घातलेलं होतं आणि सुतळीने गळ्याशी घट्ट बांधलेलं होतं. मागोमाग वॉचमनमामा किल्ल्या घेऊन वर आले.

“मामा, हे कुणी घातलं?”

“मीच की. कबुतरं बसून नुसती घाण करायची त्याच्यावर. बसवणारे म्हणाले होते, महागाची वस्तू आहे, सांभाळा. म्हटलं झाकून ठेवावी.”

“कधी घातलंत?”

“उन्हाळ्यात. आमच्या हिने इथे कुरडया घातल्या होत्या ना, तेव्हा. दोन पातेली होती, एक तुमच्या मशीनला दिलं.” मग माझा चेहरा बघून म्हणाले, “का हो? नीट बांधलंय. वाऱ्याने उडायचं नाही.”

खरंच नीट बांधलं होतं. ॲल्युमिनियमच्या भांड्याच्या आत उपग्रहांचा संदेश शिरत नाही. उन्हाळ्यापासून तो खोका आंधळा झाला होता आणि आपल्या स्फटिकाच्या भरवशावर वेळ सांगत होता. असं झालं तर त्याने गप्प बसायला हवं, पण माझ्या आधीच्या इंजिनिअरने त्याला सांगून ठेवलं होतं की काहीही झालं तरी वेळ देत राहा. आणि खोका रोज जी तक्रारीची मेल पाठवत होता, ती त्याच इंजिनिअरच्या पत्त्यावर जात होती, जो नोकरी सोडून गेला होता. सगळ्या इमारतीतली घड्याळं एकमेकांशी तंतोतंत जुळत होती आणि सगळी तीन मिनिटं पुढे होती. मी मामांना विचारलं, एवढे महिने इथली घड्याळं पुढे आहेत हे कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?

“आलं की. सगळ्यांना माहितीय.” ते हसले. “साहेबांनी मुद्दाम पुढे ठेवलीयत ना? लोक वेळेवर यावेत म्हणून. आमच्या घरचं दहा मिनिटं पुढे आहे.”

खाली रिसेप्शनवरच्या मुलीनेही हेच सांगितलं, मलाच वेड्यात काढल्यासारखं. दुसऱ्या कुठल्या शहरात कुणीतरी तक्रार तरी केली असती. इथे घड्याळ पुढे असणं ही चांगल्या चालीरीतीची खूण. गच्चीवर उभी राहून मी पातेलं सोडलं आणि मला आपल्या स्वयंपाकघरातलं घड्याळ आठवलं, फ्रिजच्या वरचं, आईने दहा मिनिटं पुढे ठेवलेलं.

आईचं पुढे आणि तुमचं मागे. मी नववीत आहे, सुट्टी आहे, तुम्ही डबा विसरलात म्हणून आई मला हडपसरच्या पुढे फॅक्टरीत पाठवते. टाइम ऑफिसात कार्डांचा तो लाकडी रॅक, शाईचा वास, भिंतीवरचं मोठं घड्याळ. तुमच्या मनगटावर एक वेळ आणि भिंतीवर दुसरी. मी दोन्हीकडे बघते आणि डबा ठेवून निघते. रात्री जेवायला बसताना बोलते, “बाबा, तुम्ही खोटं घड्याळ लावता.” आईचं लाटणं थांबतं. तुम्ही शांतपणे विचारता, “कुणाला खोटं?” मी म्हणते, सगळ्यांना. “सगळ्यांना सारखंच ना?” मग तुम्ही मला समजावता. मार्केट यार्डाच्या गेटवर कांद्याचे ट्रक आडवे लागले की कंपनीची बस अडकते, त्यात बसलेल्यांचा काही दोष नसतो, आणि लेट मार्क मात्र त्यांच्या कार्डावर पडतो. म्हणून पाच मिनिटं. आणि संध्याकाळचा भोंगा त्याच घड्याळावर वाजतो, म्हणजे तीच पाच मिनिटं ते जास्त थांबून परत करतात. “सकाळी घेतात, संध्याकाळी देतात. कंपनीचं काही गेलं नाही, त्यांचं काही गेलं नाही. मधे तू कोण?” तुम्ही आवाज चढवला नव्हतात. तरी तो प्रश्न मला इतका लागला की मी ताटावरून उठत होते, तेवढ्यात आई म्हणाली, “माझ्या घड्याळात नऊ वाजून गेलेत. तुमची भांडणं तुमच्या वेळेला करा,” आणि तुम्ही दोघं हसलात. मी हसले नाही.

मधे मी कोण, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पण तुमचा मुद्दा चुकीचा नव्हता, हे मला नंतर अभ्यासातून कळलं. एकाच घड्याळावर घेतलेल्या दोन वेळांमधलं अंतर खरंच असतं, घड्याळ पुढे असो की मागे. घोटाळा होतो तो दोन वेगवेगळी घड्याळं शेजारी ठेवल्यावर. हॉस्पिटलचा मॉनिटर खोक्याला विचारून वेळ लिहीत होता. डॉक्टरांचा मोबाइल त्या खोक्याला ओळखतही नव्हता. त्याची वेळ खरी होती. म्हणजे मॉनिटर खरं तर तीन मिनिटं आधी वाजला होता. एक मिनिट नव्हे, चार. त्या दुपारी खोका किती पुढे होता, ते मी दोन दिवस बसून मोजून काढलं, उन्हाळ्यातला उकाडा आणि नंतरचा गारवा धरून, आणि काही सेकंद इकडेतिकडे सोडले तर उत्तर बदललं नाही. खोक्याला मी परत आकाश दाखवलं होतं. ती एक ओळ मी लिहिली असती तर कुणालाही काहीच कळलं नसतं. पातेलं मामांच्या घरी पोचलं होतं, दिवा हिरवा होता. घड्याळं बरोबर आहेत. हे आता खरंच होतं. ‘होती’च्या जागी ‘आहेत’ लिहायचं, बस. ती बाई सुटली असती. तुम्ही काय केलं असतंत याबद्दल मला जराही शंका नाही, आणि त्यामुळेच मला झोप येईना.

सिस्टरला मी कँटीनमध्ये गाठलं. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. यवतमाळकडून आलेली, इथे धायरीत तिघींबरोबर खोली घेऊन राहते. मी म्हणाले, तुमच्याशी याबद्दल बोलायची खरं तर मला परवानगी नाही. “मग नका बोलू, चहा घ्या,” ती म्हणाली. मी बोलले. चार मिनिटं, म्हणाले. तिने कप खाली ठेवला.

“चार ना? मला चारच वाटली होती हो. रूमवर पहिल्या दिवशी मी हेच सांगितलं होतं. मग समितीत म्हणाले एकच आहे, मशीनमध्ये लिहिलंय. म्हटलं, घाबरल्यावर माणसाला जास्त वाटत असेल. मीच मला खोटं पाडून बसले होते.”

“तुम्ही तेव्हा कुठे होतात?”

“समोरच्या बेडला. एक आजी सलाईन ओढून कॉटवरून उतरत होत्या, अर्ध्या खालीच आल्या होत्या. मी त्यांना धरून. आवाज ऐकू येत होता मला. सोडलं असतं तर त्या डोक्यावर पडल्या असत्या. दुसरी सिस्टर असती तर प्रश्नच नव्हता.”

“ती कुठे होती?”

“खाली. शिबिराचं उद्घाटन होतं ना त्या दिवशी. पाहुण्यांना गुलाब द्यायला चार सिस्टर बोलावल्या होत्या ऑफिसातून.” तिने कप बाजूला सारला. “तुम्ही लिहा मॅडम. पण मी एकटी होते तेही लिहा.”

“ते माझ्या घड्याळात दिसत नाही.”

“मग कुणाच्या दिसतं?” ती म्हणाली. रागाने नाही. खरंच माहिती विचारावी तसं.

ते दिसत होतं. वॉर्डाचं दार कार्डाने उघडतं आणि प्रत्येक कार्डाची वेळ नोंदली जाते. ती वेळही त्याच खोक्यावरून येते, म्हणजे तीन मिनिटं पुढेच, पण मॉनिटर जितका पुढे तितकीच. त्या दोघांमधलं अंतर मात्र खरं होतं. तिथे तुमचा स्वयंपाकघरातला मुद्दा मी जसाच्या तसा वापरला, बाबा, फक्त तुमचं नाव न घेता. दुसरी सिस्टर मॉनिटर वाजण्याच्या बऱ्याच आधी बाहेर गेली होती आणि सगळं होऊन गेल्यावर परत आली होती. आत एकच कार्ड होतं. मी तीन पानांचा अहवाल लिहिला. दोन घड्याळं एकत्र ठेवली तर काय चुकतं ते पहिल्या पानावर, आणि चुकलेलं एकच घड्याळ कुठे विश्वासाचं असतं ते दुसऱ्यावर. पातेल्याबद्दल मी ‘अँटेना झाकली गेली होती’ एवढंच लिहिलं. कुणी झाकली ते लिहिलं नाही. मामांनी दोनदा विचारलं, “माझ्यामुळे काही झालं का हो ताई?” मी नाही म्हणाले. पातेल्यामुळे कुणाचा ऑक्सिजन कमी झाला नव्हता, तेव्हा हे उत्तर बरोबर आहे. मी तपासून पाहिलंय.

अहवाल देण्याआधी तिथले प्रशासन बघणारे साहेब मला केबिनमध्ये बसवून म्हणाले, “तुम्हाला विचारलं काय होतं? घड्याळ बरोबर होतं का.”

“नव्हतं.”

“मग ‘नव्हतं’ लिहा की. आम्ही काही म्हणतोय का? दाराचं कुणी विचारलं होतं?”

“दारालाही तेच घड्याळ आहे.”

“मॅडम, आपण वेळ बघणाऱ्या. आपण वेळ बघावी. उद्घाटनाला कुणाला बोलावलं, हा आपला विषय आहे का?”

“वेळच बघतेय.”

त्यांनी चहा मागवला नाही. पुण्यात त्याचा अर्थ मला कळतो. मी अहवाल साहेबांना दिला आणि त्याची प्रत समितीतल्या त्या वयस्कर डॉक्टरांना पाठवली.

तुम्हाला वाटेल, यातून काहीतरी चांगलं झालं असेल. मला सांगता येत नाही. सिस्टरला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं आहे. चौकशी चालू आहे. साहेब केबिनमध्येच आहेत. मी पहिलं पान लिहिलं नसतं तर ती आज वॉर्डात असती, हे मला माहीत आहे, आणि दुसरं पान तिला परत आणेल की नाही हे मला माहीत नाही. ती मला दोष देत नाही, त्याचाही उपयोग होत नाही. आमच्या कंपनीच्या मालकांनी त्या हॉस्पिटलात आता दुसऱ्याला पाठवायचं ठरवलं आहे. त्या शिक्षकांच्या मुलीला समितीने चार मिनिटं कळवली. तिने माझा नंबर मिळवून मला फोन केला. मग म्हणाली, “म्हणजे त्या चार मिनिटांत ते तिथे एकटे होते.” मी हो म्हणाले. ती म्हणाली, “बरं झालं कळलं,” आणि लगेच, “मला माहीत नाही हो, बरं झालं का ते.” मग तिने मला विचारलं, तुमचे वडील आहेत का? मी नाहीत म्हणाले. पुढे ती काही विचारील असं वाटलं, पण तिने फोन ठेवला.

तिने विचारलं नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. तुम्हीही एका वॉर्डातच गेलात. आई तुमच्यासाठी मोसंबीचा रस आणायला खाली उतरली होती, मी कॉलेजातून यायची होते. आई वर आली तेव्हा पडदे ओढलेले होते. हॉस्पिटलने दिलेल्या तुमच्या मृत्यूच्या दाखल्यावर एक वेळ लिहिलेली आहे, तास आणि मिनिटं, ठळक अक्षरात. ती कुठल्या घड्याळावर बघून लिहिली असेल, कुणाच्या मनगटावरच्या की भिंतीवरच्या, हा विचार माझ्या मनात येऊ नये असं काम मी निवडलेलं नाही. आई मात्र इतकी वर्षं एकच सांगते. “लगेच धावले गं सगळे. अगदी लगेच.” ती तिथे नव्हती. तिला ते कुणीतरी सांगितलेलं आहे.

तुम्ही गेलात त्या हॉस्पिटलात जुन्या नोंदी मागायच्या असतील तर कुणाकडे अर्ज करायचा ते मला आता माहीत आहे. नोंदी उरल्या असतील की नाही कोण जाणे, पण विचारायचा अधिकार मला आहे, आणि मिळाल्या तर त्या कशा वाचायच्या हे या शहरात माझ्याइतकं थोड्यांनाच कळत असेल. परक्या मुलीला तिची मिनिटं मी काढून दिली. तिने ती मागितली होती. मी अर्ज केलेला नाही. कामातून सवड मिळाली नाही असं मी स्वतःला सांगत होते, पण ते खरं नाही. हे पत्र कुणाच्या हातात पडणार नाही, म्हणून खरं लिहिते. मी अर्ज करणारच नाही, बाबा. आईचं ‘लगेच’ किती मिनिटांचं होतं, ते मला नको आहे.